विशेषणाच्या मागचा माणूस

कटरे सरांची कोणी स्तुती केली की ते आधी मागं वळून पाहायचे. मागं दुसरं कोणी उभं नाही याची खात्री झाली की समोरच्याला विचारायचे, "का काम होतं?" समोरचा ओशाळायचा, नाही नाही म्हणायचा, आणि थोड्या वेळानं हळूच काम सांगायचा. सर माझ्याकडे बघून भुवई उडवायचे.

बिरसीजवळच्या आमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात मी मराठी शिकवायचे आणि सर इंग्रजी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी. सर उंच, काटकुळे. शर्टाचं गळ्याचं बटण भर मे महिन्यातही लावलेलं. घरी बायकोशी ते पोवारीत बोलायचे, शाळेत आणि आमच्यासमोर झाडीबोलीत, गोंदियाच्या बाजारात हिंदीत. इंग्रजी मात्र फळ्यावर आणि वह्यांमध्येच राहायची. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या या माणसाशी इंग्रजीत चार वाक्यं बोलेल असं गावात कोणी नव्हतं.

संशय हा त्यांचा स्वभाव नव्हता, शिस्त होती, असं ते स्वतः सांगायचे. मला ते पटायचं नाही. बसवर 'गोंदिया' अशी ठळक पाटी असली तरी चढण्याआधी कंडक्टरला विचारायचं, "गोंदियालेच जाते ना जी?" मी एकदा म्हटलं, सर, पाटी आहे की. तर म्हणाले, "पाटी काल लावली असन. आज विचारलेलं बरं." लग्नपत्रिका हातात पडली की 'आग्रहाचे निमंत्रण' या शब्दांवर बोट ठेवून आणणाऱ्याला विचारायचे, "आग्रह नक्की कोणाचा आहे? तुमचा का छापखानेवाल्याचा?" आणि मग त्या लग्नाला सगळ्यात आधी जाऊन बसायचे.

कसल्याशा प्रशिक्षणाला आम्ही काही शिक्षक जीपनं निघालो होतो, तेव्हा कोहमाऱ्याला जेवायला थांबलो. धाब्यावर मोठी पाटी होती, 'शुद्ध घरगुती जेवण'. आम्ही हात धुऊन बसलो. सर कुठं दिसेनात. बघतो तर स्वयंपाकाच्या भट्टीपाशी उभे राहून धाबेवाल्याची उलटतपासणी चाललेली.

"घरगुती म्हणजे कोणाच्या घरचं?"

"सर, ऐसा लिखते हैं सब लोग."

"सब लोग लिवतेत म्हणून तुमी बी लिवलं. पण घर कोणाचं? तुमची बायको घरी असंच वरण करते का?"

धाबेवाला तापला. "सर, तुमाले जेवाचं आहे का चौकशी कराची आहे?"

"पयले चौकशी. मंग जेवण."

आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सर येऊन बसले, भरपूर भात हाणला आणि उठताना धाबेवाल्याला म्हणाले, "वरण चांगलं आहे. घरगुती नाई आहे, पण चांगलं आहे. तेच लिवा ना पाटीवर." धाबेवाला आधी बघतच राहिला, मग खो खो हसला.

त्यांचं सगळं भांडण विशेषणांशी होतं. नाम गरीब असतं, क्रियापद कष्टाचं असतं, लबाडी करायची तर ती विशेषणातूनच होते, असं त्यांचं ठाम मत. माझ्या आणि त्यांच्या वर्गामधली भिंत छतापर्यंत पोचलेली नव्हती, त्यामुळे त्यांचे तास माझ्या मुलांनाही ऐकू यायचे. खरं सांगायचं तर मी पण माझा आवाज थोडा उतरवून ऐकायचे.

असाच एका तासाला 'क्वेंट' हा शब्द आला. कुठल्याशा उताऱ्यात एक 'क्वेंट' खेडं होतं. एका पोरानं लगेच गाईडमधला अर्थ वाचला, "जुन्या वळणाचे व मोहक."

"गाईडवाल्यानं अर्थ देला, पण पत्ता नाई देला," सर म्हणाले. "हा शब्द राहते कुठं? कोण वापरते याले? सांगा, आपलं गाव क्वेंट आहे का?"

मग एक मुलगी म्हणाली, "नाई सर. आपलं गाव नुसतं गाव आहे."

"बरं. खिडकीतून पाहा. ते बैलबंडी जाऊन राहिली. जुनी आहे, लाकडाची आहे, चाक कुईकुई करून राहिलं. ते क्वेंट आहे का?"

"सर, ते तं माझ्या बापाची आहे!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं. वर्ग हसला.

"मंग नाई," सर शांतपणे म्हणाले. "ज्याच्या बापाची आहे, त्याले ते क्वेंट नसते. ज्याले त्या बंडीत बसून धान न्याचं आहे, त्याले बी नसते. लिवून घ्या. क्वेंट म्हणजे जुनं, गोड, आणि बोलणाऱ्याले तिथं राहाचं नाई आहे असं."

तेवढ्यात वरून बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घरघरत गेलं. ती विमानं दिवसभर आमच्या बांध्यांवरून, म्हणजे भाताच्या खाचरांवरून, गोल गोल फिरत असतात, कोणी मान वर करून बघतही नाही. पण सरांनी खडू वर केला. "आता त्याले इचारा. वरतून पाहून राहिला तो. त्याले आपण सगळे क्वेंट दिसत असू. धानाच्या हिरव्या बांध्या, कवेलूची घरं, शाळेत बसलेले पोट्टे. खाली उतरला की मच्छर चावन, मंग समजन."

भिंतीअलीकडचा माझा वर्गही खिदळला. मराठीच्या तासाला मी तोच शब्द घेऊन बसले, पण अशी व्याख्या मला मराठीतल्या एकाही विशेषणाची करता आली नाही.

सरांच्या निरोपसमारंभात हेडसर भाषणाला उभे राहिले. 'ज्ञानतपस्वी', 'निःस्वार्थ', 'विद्यार्थ्यांचे दैवत' अशी माळच त्यांनी लावली. सर शाल-श्रीफळ मांडीवर घेऊन अस्वस्थपणे चुळबुळत होते. शेवटी राहवलं नाही. बसल्या जागेवरून म्हणाले, "हेडसर, का काम आहे?"

हेडसर घाम पुसत म्हणाले, "नाही म्हणजे... नवीन इंग्रजी शिक्षक येईपर्यंत दहावीचं वर्ष तुम्ही... मानधनाचं काही जमणार नाही, पण..."

"मंग असं सांगा ना. दैवत कायले म्हणता?" सर म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला, गळ्याचं बटण लावून, दहावीच्या वर्गावर हजर झाले. नवीन शिक्षक येईपर्यंत त्यांनी फुकट शिकवलं आणि कोणाला त्याबद्दल एक चांगला शब्द बोलू दिला नाही.

असा हा माणूस कधी कोणाच्या गोड बोलण्याला भुलेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. पण तो भुलला, आणि तेही त्याच शब्दाला.

सरांचं घर कवेलूचं, म्हणजे कौलारू. मातीच्या भिंती, त्यांना छुईचा, म्हणजे पांढऱ्या मातीचा, शुभ्र हात, खाली शेणमातीनं सारवलेली जमीन, पुढं लाकडी खांबांची छपरी. रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबून बघावंसं वाटायचं. हे देखणेपण कुठून यायचं ते मात्र मला माहीत होतं. शेवंताकाकू, म्हणजे सरांच्या मंडळी, दर आठवड्याला उकिडव्या बसून सगळं घर सारवायच्या. दिवाळीआधी भिंतींना छुई लावायच्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांचं हेच चाललेलं. त्यांचे गुडघे पार गेले होते. गोंदियाच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की आता खाली बसणं बंद. संडास होता सांदवाडीच्या, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेच्या पार टोकाला, आणि तोही खाली बसायचा. तिथवर जायला काकू आधी विहिरीचा काठ धरायच्या, मग पेरूचं झाड, मग कुंपण. एका श्रावणात पेरू आणि कुंपणाच्या मधल्या उघड्या तुकड्यावर त्या पडल्या. हाड वाचलं, पण त्यानंतर त्यांनी संध्याकाळनंतर पाणी पिणं सोडलं.

म्हणून सरांनी ठरवलं की मागची भिंत फोडून आतूनच जाता येईल असं न्हाणीघर बांधायचं. बसायचा संडास, फरशी, धरायला दांडी. ओटाही उभ्यानं स्वयंपाक करता येईल असा. मिस्त्री ठरला. अंगणात विटा येऊन पडल्या. काकू मला त्या विटा दाखवायला बाहेर घेऊन आल्या होत्या. "मॅडम, कशा लाल आहेत पाहा," असं म्हणून त्यांनी एक वीट हातानं पुसली.

दिवाळी झाली, गावात मंडई भरली. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई असते, पाहुणे येतात, नाटकं होतात. त्याच दिवसांत सारस पक्षी पाहायला आलेला नागपूरचा एक गृहस्थ सरांच्या घरासमोर गाडी थांबवून उतरला. नाव समीर. पन्नाशीचा, खादीचा कुर्ता, बोलणं अगदी मऊ. मंडईच्या दिवसांत दारात आलेल्याला चहा दिल्याशिवाय कोण सोडतो? सरांनी त्याला छपरीत बसवलं. आणि त्याला कळलं की हे इंग्रजीचे शिक्षक. तो इंग्रजीतून बोलायला लागला.

मी तेव्हा आत काकूंना अनारसे तळायला मदत करत होते. बाहेरून सरांचा आवाज येत होता. आधी अडखळत, मग सुटत गेलेला. इतकी वर्षं शेजारी बसून मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. ते हसत होते. इंग्रजीत हसत होते म्हटलं तरी चालेल. काकू झारा हातात धरून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "आज मास्तरले कोणी तरी भेटला."

पाहुण्यानं घर पाहिलं आणि तो शब्द उच्चारला. "व्हॉट अ क्वेंट हाउस, सर." मी दारातून सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आता भुवई उडेल, आता प्रश्न येईल, म्हणून वाट पाहिली. सर लाजले.

समीरभाऊंची योजना साधी होती. शहरातले लोक सारस पाहायला येतात, त्यांना असं अस्सल घर दाखवायचं, छपरीत जेवू घालायचं. घर होतं तसंच राहिलं पाहिजे, एवढीच अट. विटांकडे बघून त्यांनी कळवळून सांगितलं, "सर, प्लीज, सिमेंट नको. याचा आत्मा जाईल." तो माणूस लबाड नव्हता, हेच अवघड होतं. त्याला घर खरंच आवडलं होतं. पण त्याच्या त्या मऊ बोलण्यात काकूंचं नाव फक्त एकदा आलं, 'काकूंच्या हातचं सारवण' असं.

मिस्त्रीला सरांनी थांबवलं. पुढच्या काही दिवसांत त्या घरी जे पाहिलं त्यानं मला राग आला, आणि राग पाहुण्याचा नव्हे, सरांचा आला. छपरीतल्या प्लास्टिकच्या खुर्च्या गेल्या. निळा ड्रम धानाच्या कोठीमागं लपला. ज्या खुर्चीचा आधार घेऊन काकू उठायच्या तीही गेली, कारण ती 'शोभत नाही'. बादली जाऊन पाण्याचा पितळी गुंड आला, आणि तो जड गुंड काकूच उचलायच्या. विटांवर सरांनी तुराट्यांचा थर टाकला, म्हणजे दिसायला नकोत.

मी म्हटलं, "सर, आणि काकूंचं न्हाणीघर?"

"होईन ना. मागून, न दिसन असं काही तरी पाहू. घाई का आहे?" ते म्हणाले. मग जरा थांबून, "मॅडम, आपल्या जवळ का आहे हे आपल्याले समजत नाई. बाहेरच्याले समजते."

हे कटरे सर बोलत होते! त्यांच्या मागं उभं राहून दुसरं कोणी बोलत नाही ना, हे मलाच पाहावंसं वाटलं.

काकू तो गुंड उचलत राहिल्या. मला वाटलं, बाईनं हात टेकले. पण मी त्यांना पुरतं ओळखत नव्हते.

पंधरवड्यानं समीरभाऊ परत आले, या वेळी फोटो काढणारा एक मुलगा घेऊन. सरांनी मला मुद्दाम जेवायला बोलावलं होतं. फोटो झाले. जेवणं झाली. काकूंनी सुवारी, म्हणजे आमच्याकडची पुरी, केली होती, पाहुणे बोटं चाटत होते. दिवस कलायला लागला तसे समीरभाऊ उठले.

काकू आतून आल्या, भिंत धरत धरत. पदर सारखा करून म्हणाल्या, "असं कसं जाता जी? इतकं घर आवडलं तुमाले, आज मुक्काम करा. आमच्याकडे घर आवडलं म्हणणारा पावना एक रात राहिल्याबिगर जात नाई. मी खोली सारवून ठेवली आहे."

सर खूश झाले. "हाव, हाव, राहाच. स्टे, प्लीज."

समीरभाऊ हसले. "काकू, नक्की कधीतरी..."

"कधी तरी कायले? आजच राहा ना." काकूंनी मागचं दार उघडलं. "फक्त रातच्याले उठाव लागलं तं सांदवाडीत जाव लागते. ते काय, कुंपणाजवळ. मी कंदील ठेवतो. विहिरीचा काठ धराचा, मंग पेरू धराचा. मंग थोडं मोकळं आहे, तिथं सांभाळून."

पाहुण्यानं दारातून बाहेर पाहिलं. विहीर, पेरू, कुंपण. क्षणभरच पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. "काकू, खरं म्हणजे गोंदियाला हॉटेल बुक केलंय आम्ही. गरम पाणी वगैरे... माझी पाठ जरा... पुढच्या वेळी नक्की."

"बरं," काकू म्हणाल्या. दार लावून घेतलं.

गाडी गेली. सर छपरीत उभे होते. काकू तिथंच खांबाला धरून उभ्या, कारण बसायला खुर्ची नव्हती. त्या बिलकुल चिडल्या नव्हत्या. जरा दमल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "मास्तर, तुमचा पावना राहिला नाई. मी मात्र राहून राहिलो इथं, इतकी वर्सं."

सर अंगणात उतरले आणि विटांवरच्या तुराट्या एकेक करून बाजूला फेकायला लागले. सगळ्या काढून झाल्यावर कोठीमागून ती प्लास्टिकची खुर्ची आणली, धोतरानं पुसली आणि काकूंच्या मागं ठेवली. मी माझी पर्स उचलली आणि घरी आले.

त्यानंतर माझी बदली सालेकशाला झाली. सर गेल्याचं मला तिथंच फोनवर कळलं. काकू आता मुलीकडे असतात. पण मला सर आठवतात ते मी निरोप घ्यायला गेले त्या सकाळचे.

न्हाणीघर नुकतंच तयार झालं होतं. मागची भिंत फोडून काढलेलं, वर पत्रा, बाहेर काळी टाकी, सिमेंटचा रंग अजून ओला. घराचं रूप गेलं होतं हे कबूल करायला हवं. काकू टॉवेल घेऊन दाराशी खुर्चीवर बसल्या होत्या. आत सर धोतर गुडघ्यापर्यंत खोचून अनवाणी उभे होते. फरशीवर बादलीभर पाणी ओतलेलं आणि त्यात साबणाचा फेस. सर पाय घासत घासत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालून पाहत होते.

मिस्त्री बाहेरून वैतागून म्हणाला, "सर, खरबरीत टाईल आहे. घसरत नाई. कंपनीनं लिवलं आहे."

"कंपनीनं लिवलं आहे. पायानं नाई लिवलं अजून."

"तुमीच पडसान ना बाप्पा!" काकू म्हणाल्या.

"पडलो तं मी पडीन. थांब जरा."

मग त्यांनी भिंतीतली स्टीलची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि पाय उचलून लोंबकळले. दांडी हलली नाही. त्यांचं समाधान झालं नाही. "माझं वजन हिच्यापेक्षा कमी आहे," ते काकूंकडे बोट दाखवत म्हणाले, आणि मला खूण केली. "मॅडम, तुमी बी या. दोघं मिळून पाहू."

मी चप्पल काढून आत गेले. जिल्हा परिषदेचे दोन शिक्षक, एक निवृत्त आणि एक बदली झालेली, साबणाच्या पाण्यात उभे राहून एका दांडीला लोंबकळले. काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या, मिस्त्री डोक्याला हात लावून उभा होता. दांडीनं हूं की चूं केलं नाही.

"आता जा," सर काकूंना म्हणाले.

काकू आत गेल्या, दार लावून घेतलं. मी चहा टाकायला वळले. सर दाराला पाठ लावून उभे राहिले.

"धरलं का?"

"धरलं."

"दोन्ही हातानं?"

"हाव. आता तिथून जा ना मास्तर, मले लाज वाटते."

"जाऊन राहिलो," सर म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.